खरं कुणी बोलायचं?

नाताळच्या देखाव्यात सगळे असतात. मरिया, योसेफ, गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ, उंटावरून आलेले तीन ज्ञानी पुरुष. आमच्या वसईत तर पेंढा, विहीर, नारळाची झाडं आणि एखाद्या हौशी पोराच्या कृपेनं एसटीची लाल बससुद्धा असते. नसतो तो बाप्तिस्मा करणारा योहान. आणि खरं सांगायचं तर नाताळच्या आधीच्या दिवसांचा मानकरी तोच आहे.

या दिवसांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. नाताळच्या आधीचे चार रविवार. यंदा तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला. चर्चमध्ये फादर जांभळा झगा घालतात, गौरवगीत गायलं जात नाही, हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लागतात. बाहेर मॉलमध्ये नोव्हेंबरपासूनच 'जिंगल बेल' वाजत असतं, आत मात्र सांगितलं जातं की थांबा, अजून काहीही झालेलं नाही. या चारांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी दरवर्षी योहानाबद्दलचं शुभवर्तमान वाचतात. उंटाच्या केसांचं वस्त्र, खायला टोळ आणि रानमध, आणि तोंडात एकही गोड शब्द नाही. असल्या माणसाला देखाव्यात उभं करून त्याच्यावर चांदण्यांची माळ कोण सोडणार?

यंदाच्या दुसऱ्या रविवारी, ७ डिसेंबरला, मत्तयच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय होता. धर्मातली मोठी, मानाची माणसं बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि योहान त्यांना सापाची पिल्लं म्हणतो. त्याचं पुढचं म्हणणं मला जास्त बोचतं. अब्राहाम आमचा पूर्वज आहे, असं मनातल्या मनातही म्हणू नका, असं तो त्यांना बजावतो. देवाला हवं असेल तर तो या पडलेल्या दगडांतूनही अब्राहामला मुलं निर्माण करील. हिब्रूत मुलगे म्हणजे 'बानिम' आणि दगड म्हणजे 'आबानिम'. वंशाचा सगळा अभिमान त्यानं एका अक्षराच्या फरकावर आणून ठेवला, असं मला हे कळल्यापासून वाटतं.

मी कुपारी आहे. म्हणजे वसईचा सामवेदी ख्रिस्ती. घरी आम्ही कादोडी बोलतो. पोर्तुगीज १५३४ साली वसईत आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून किल्ला घेतला, आणि मधल्या दोनशे वर्षांत कधीतरी आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. याला आता साडेचारशे वर्षं होत आली म्हणा. तरीही पाहुणा घरी आला आणि गप्पा जरा रंगल्या की आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "आम्ही मूळचे सामवेदी ब्राह्मण." आवाज थोडा खाली जातो, मान थोडी वर जाते. सांगणारा माणूस रोज सकाळच्या मिस्साला जाणारा असतो, पेशव्यांविषयी त्याला फारसं प्रेम नसतं, जानवं त्याच्या पणजोबाच्या पणजोबानंही घातलेलं नसतं. पण अब्राहाम आमचा पूर्वज आहे.

वसईच्या कॅथलिकांत कुपारी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. चर्च एक, वेदी एक, पवित्र भाकर एक, शेवटी मातीही एकच. लग्नाची गोष्ट निघाली की मात्र 'आपल्यातली' हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ ख्रिस्ती असा नसतो. आता नवी पिढी हे पुष्कळ मोडते, हेही खरं. पण मोडतात ते बहुतेक याच तीन-चार नावांच्या आत.

मला ज्या मुलीशी लग्न करायचंय ती नगरकडची आहे. (जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण ती नगरच म्हणते.) आम्ही पुण्यात एकाच टीममध्ये होतो. पुढचं सगळं तिला विचारून लिहितोय, आणि तिच्या घरचे काही तपशील मुद्दाम बदललेत. हे असं का करावं लागतं, तोच या लेखाचा विषय आहे.

नगर म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना रेव्हरंड टिळक आठवतात, आणि लक्ष्मीबाई. आठवावेत अशीच ती माणसं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं बाईंनी नवऱ्याची ओढ, घरच्यांचा विरोध आणि स्वतःचं सोवळं यांच्याशी जो झगडा केला तो 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. नवरा झाला म्हणून मी झाले, असं त्यांनी केलं नाही. आतून पटेपर्यंत थांबल्या. मला हा मराठीतला सगळ्यांत प्रामाणिक आगमनकाळ वाटतो. पण गंमत बघा. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, आणि त्यांच्या चर्चमध्ये जे हजारो लोक आले ते बहुसंख्य महार आणि मांग वस्त्यांतून आले. आपल्याला नावानिशी आठवतात ते मात्र चित्पावन टिळक. ती एकदा हसत म्हणाली होती, "तुमच्याकडे नगरचा ख्रिश्चन म्हणजे एकच जोडपं." तिचे पणजोबा त्या दुसऱ्यांपैकी. गावकुसाबाहेरचे.

मागच्या रविवारी मिस्सानंतर, जेवणं झाल्यावर, मी आई-पप्पांना तिच्याबद्दल सांगितलं. तिचं नाव, शिक्षण, नोकरी, चर्च. प्रोटेस्टंट म्हटल्यावर आईच्या कपाळावर एक आठी आली, ती लगेच गेलीही. मग समाजाचा प्रश्न आला, मी उत्तर दिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. पप्पांनी ताटातली चिंबोरीची टरफलं एका बाजूला गोळा केली. मग आई म्हणाली (बोलणं कादोडीत झालं, इथे मराठीत देतोय), "तिकडच्या लोकांच्या दाखल्यावर हिंदू लिहिलेलं असतं ना? चर्चला जायचं आणि सरकारला हिंदू सांगायचं. जात-बित जाऊ दे रे, पण हा खोटेपणा नाही का?"

आई हे टाळण्यासाठी म्हणाली असेल. पण तिनं विचारलेला प्रश्न खरा आहे. आगमनकाळात चर्च आम्हाला दोन गोष्टी मागतं, खरेपणा आणि धैर्य. त्या मापानं मोजलं तर तिच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा दाखला नापास होतो. त्यावर 'हिंदू महार' लिहिलंय. दर रविवारी त्यांच्या हातात मराठी बायबल असतं, आणि आयुष्यभराची नोकरी त्या दाखल्यावर मिळालेली आहे.

आधी कायदा काय आहे ते सांगतो, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. मलाही ती भेटेपर्यंत फक्त पुसट कल्पना होती. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्यातून सूट मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. म्हणजे वस्ती तीच, आडनाव तेच, पाणवठ्यावरचा अपमान तोच; बाप्तिस्म्याची नोंद झाली की आरक्षण गेलं, राखीव मतदारसंघ गेला, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही गेलं. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली ही धर्माची अट काढा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला, त्याला पुढे मुदतवाढ मिळाली.

आणि गेल्या वर्षी, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, आगमनकाळ सुरू व्हायला पाच दिवस असताना, सर्वोच्च न्यायालयानं पुदुचेरीच्या एका महिलेचं अपील फेटाळलं. ती नियमानं चर्चला जाणारी ख्रिस्ती, आणि नोकरीसाठी हिंदू वल्लुवन म्हणून अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मागत होती. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे, असं न्यायालय म्हणालं. माझ्या आईचाच मुद्दा, फक्त कायद्याच्या भाषेत. तो पोकळ नाही. आरक्षण ही मर्यादित गोष्ट आहे, त्याचे निकष कुणीही आपल्या सोयीनं वाकवले तर ज्याला खरंच हवं त्याच्या हातून ते जातं. मी कोडमध्ये एक अपवाद लिहितो, दुसरा त्यावर तिसरा चढवतो, वर्षभरानं नियम कुठला आणि अपवाद कुठला हे कुणाला सांगता येत नाही. कायद्याची ही भीती मला समजते.

तरीही 'खोटेपणा' हा शब्द मला त्या दाखल्यावर नीट बसत नाही. का बसत नाही, हे मला एका तुरुंगातल्या माणसानं समजावलं.

डिट्रिख बॉनहोफर हा जर्मन पाद्री. हिटलरविरुद्धच्या कटाशी त्याचा संबंध होता. ५ एप्रिल १९४३ला त्याला अटक झाली आणि बर्लिनच्या टेगल तुरुंगात ठेवलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यानं मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी आणि आगमनकाळ यांची तुलना बरी जमते: माणूस वाट बघतो, इकडचं तिकडचं काहीबाही करत राहतो, दार मात्र फक्त बाहेरून उघडतं. हे वाक्य नाताळच्या ग्रीटिंगवर सारखं येतं. त्याच तुरुंगात त्यानं खरं बोलणं म्हणजे काय, या विषयावर एक निबंध लिहायला घेतला होता. तो अपुराच राहिला. तो ग्रीटिंगवर येत नाही.

त्यात एक उदाहरण आहे. शाळेत मास्तर सगळ्या वर्गासमोर एका पोराला विचारतात, तुझे वडील रोज दारू पिऊन घरी येतात, खरं ना? खरं असतं. पोरगं म्हणतं, नाही. बॉनहोफरचं म्हणणं असं की पोराचं उत्तर खोटं आहे हे मान्य, पण मास्तरांना तो प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता. घरातली गोष्ट घराची असते. मोठा माणूस असता तर त्यानं प्रश्न टोलवला असता. पोराकडे तेवढं कसब नाही, म्हणून ते सरळ नाही म्हणतं. त्या खोट्यात, बापाला भर वर्गात उघडं पाडण्यापेक्षा जास्त खरेपणा आहे. आणि या खोट्याचा दोष पोराचा नाही, मास्तरांचा आहे.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पोरानं 'मी सांगणार नाही' असं म्हणायला काय हरकत होती? खोटंही नाही, चुगलीही नाही. मग माझ्याच कामातलं एक उदाहरण डोक्यात आलं. सर्व्हरकडे एखादी गोष्ट मागितली आणि मागणाऱ्याला परवानगी नसेल तर तो ४०३ पाठवतो: आहे, पण तुला मिळणार नाही. गिटहबवर मात्र तुम्ही दुसऱ्याची खासगी रिपॉझिटरी उघडायला गेलात तर ४०३ येत नाही, ४०४ येतो. म्हणजे असं काही नाहीच. आता ती रिपॉझिटरी तर असते. मग गिटहब खोटं बोलतं का? त्यामागचं कारण आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकवतात: 'परवानगी नाही' असं म्हटलं की ती वस्तू अस्तित्वात आहे हे तरी कळतंच, आणि पुष्कळदा तेवढं कळणंच धोक्याचं असतं. त्या पोराचं तसंच आहे. 'मी सांगणार नाही' म्हटलं की अख्ख्या वर्गाला उत्तर मिळालं. त्याच्याकडे ४०४ सोडून काहीच नव्हतं.

सरकारी फॉर्मवरचा 'धर्म' हा रकाना मला आता त्या मास्तरांच्या प्रश्नासारखा दिसतो. मी वसईचा, तो रकाना मी डोळे मिटून भरतो: ख्रिश्चन. मला त्याची किंमत पडत नाही. पुण्याच्या ऑफिसात आडनाव ऐकून कुणी विचारतं, "कन्व्हर्टेड का?" मी म्हणतो हो, सोळाव्या शतकात. सगळे हसतात, चहा पितात. हे धैर्य नव्हे. माझा पगार, माझं घर, माझ्या आजोबांची वाडी, यातलं काहीही त्या उत्तरावर अवलंबून नव्हतं. तोच रकाना १९७०च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या एका मुलासमोर आला तेव्हा प्रश्न असा होता: तू येशूला मानतोस की तुला शिकायचंय? असा प्रश्न विचारायचा अधिकार राज्याला आहे का, हे आधी ठरवावं लागेल. त्या मुलाच्या उत्तराचा हिशेब त्यानंतर.

इथे एक धोका आहे, आणि तो बॉनहोफरलाही दिसत होता. एकदा का 'कुणाला विचारायचा अधिकार आहे' असं सुरू झालं की प्रत्येक लबाडाला पळवाट मिळते. टॅक्स चुकवणारा म्हणेल, सरकारला काय अधिकार. नवरा म्हणेल, बायकोला काय अधिकार. माझ्या एका चुलतभावानं, अगदी चांगल्या मनानं, मला असाच सल्ला दिला होता: "ख्रिश्चन आहे एवढं सांग की घरी. बाकीचं लग्नानंतर आपोआप कळेल. कशाला उगाच?" त्याच्या मते मीही घरी ४०४ पाठवायला हरकत नव्हती. आईला दुखवायचं नाही, तिला सांभाळायचं, हेतू चांगलाच.

मग त्या दाखल्यात आणि या सल्ल्यात फरक काय? मी बरेच दिवस हे घोळवत होतो. मला सापडलेला फरक असा की खोट्याची किंमत कोण भरतं ते बघावं. त्या मुलानं दाखल्यावर जे लिहू दिलं त्याची किंमत तो स्वतः जन्मभर भरतोय. चर्चच्या कमिटीवर नाव घालू देत नाही. मुलींच्या बाप्तिस्म्याचे फोटो भिंतीवर नाहीत, कपाटात आहेत. सर्व्हिस बुक, पेन्शन, कुणाची तरी निनावी तक्रार, ही भीती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. माझ्या चुलतभावाच्या सल्ल्यात मी काहीच भरणार नव्हतो. माझी रविवारची जेवणं शांततेत झाली असती, आणि ती आमच्या घरात आयुष्यभर शब्द मोजून बोलत बसली असती. कुठल्या पाहुण्यासमोर गावाचं नाव घ्यायचं, कुठल्या नाही. तिच्या आधीच्या पिढीनं सरकारसमोर जे केलं तेच तिनं आमच्या स्वयंपाकघरात करायचं. ते मला चालणार नव्हतं.

याच टेगल तुरुंगात पुढच्या वर्षी आणखी एकाचा आगमनकाळ गेला. आल्फ्रेड डेल्प, येशूसंघी फादर. जुलै १९४४मध्ये अटक झाली, हातात बेड्या. त्याच बेड्यांतल्या हातांनी त्यानं कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळावरची चिंतनं लिहिली, ती धुण्याच्या कपड्यांतून बाहेर गेली. येशूसंघ सोड, तुला सोडतो, असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्यानं ८ डिसेंबर १९४४ला कोठडीतच संघाची अंतिम व्रतं घेतली. २ फेब्रुवारी १९४५ला त्याला फाशी झाली; वय ३७. बॉनहोफरला त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ एप्रिलला.

दोघांना शेजारी ठेवलं की गोंधळ होतो. बॉनहोफर चौकशी अधिकाऱ्यांशी सरळ खोटं बोलत होता, आपल्या मित्रांना आणि नातेवाइकांना वाचवण्यासाठी. डेल्पला एक सही करून सुटता आलं असतं, त्यानं केली नाही. खरा कोण? मला दोघेही खरे वाटतात. एकानं आपल्या खरेपणासाठी दुसऱ्यांचे जीव दिले नाहीत, दुसऱ्यानं आपला जीव वाचवायला आपलं खरेपण दिलं नाही. आणि अजून एक गोष्ट. डेल्पचं धैर्य मला थक्क करतं, पण त्या बळावर मी नगरच्या त्या अठरा वर्षांच्या मुलाला 'तूही डेल्प का झाला नाहीस' असं विचारू शकत नाही. हौतात्म्य स्वतःपुरतं स्वीकारता येतं. दुसऱ्यानं ते पत्करावं अशी अपेक्षा एसीत बसून करणं, याला काय म्हणायचं ते योहानाला विचारा. त्याच्याकडे सापांची उपमा तयार आहे.

योहान मला इथेच उपयोगी पडतो. तो कुणाला काय बोलला, हे सगळं एकदा ओळीनं वाचून काढा. जकातदारांना: ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना: धाक दाखवून पैसे उकळू नका. दोन अंगरखे असलेल्याला: एक दे. धर्माच्या मानकऱ्यांना: वंश सांगू नका. हेरोद राजाला: भावाची बायको ठेवणं तुला योग्य नाही. या सगळ्यांकडे काहीतरी जास्तीचं आहे: सत्ता, शस्त्र, कपडा, कूळ. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला भर चौकात उभं करून 'खरं बोल' असं योहानानं कुठे दटावल्याचं मला सापडलं नाही. आणि स्वतःबद्दल विचारलं तेव्हा त्यानं सगळ्यांत महागडं खरं सांगितलं, की मी तो नव्हे. लोक त्याला मसीहा मानायला तयार होते.

आता आमच्याकडे वळतो. 'ख्रिस्ती धर्मात जात नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. सिद्धांत म्हणून ते बरोबर आहे, आणि सुंदरही. पण हेच वाक्य १९५० पासून दलित ख्रिस्त्यांच्या विरोधात वापरलं जातं: तुमच्यात जात नाही ना, मग जातीचं संरक्षण कशाला? म्हणजे वसईच्या दिवाणखान्यात बसून जेव्हा आम्ही अभिमानानं 'आमच्यात जात-बित नाही' म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात 'आपल्यातली' मुलगी शोधतो, तेव्हा ते खोटं आमच्या घरात राहत नाही. ते एका मोठ्या युक्तिवादाला जाऊन मिळतं आणि नगरमधल्या कुणाच्या तरी दाखल्यावर जाऊन बसतं. आम्ही साडेचारशे वर्षं खरं सांगितलं असतं, की होय, आम्ही बाप्तिस्मा घेतला पण कूळ पाण्यात सोडलं नाही, तर कदाचित त्या माणसाला सरकारला खोटं सांगायची पाळी आली नसती. त्याच्या खोट्याखाली आमचं खोटं आहे.

भारतातल्या कॅथलिक बिशपांनी हे एकदा कागदावर मान्य केलंय. डिसेंबर २०१६मध्ये, आगमनकाळातच, त्यांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, आणि त्यात चर्चच्या आत भेदभाव आणि अस्पृश्यता आहे, ते गंभीर सामाजिक पाप आहे, असं स्वच्छ म्हटलं. वरून खाली आलेलं असं खरं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांनी सांगितलं. पण आमच्या पॅरिशमध्ये त्यावर एखादं प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. चक्रातली मेणबत्ती, गरिबांसाठी धान्य, पापनिवेदनाच्या वेळा, हे सगळं दरवर्षी वेळेवर जाहीर होतं.

तर त्या दिवशी टेबलावर मी आईला एवढंच म्हटलं, "आपल्या दाखल्यावर काय आहे? धर्म ख्रिश्चन, जात रोमन कॅथलिक. मग तू मघाशी समाज कुठला ते का विचारलंस?" आई म्हणाली, "ते वेगळं." पप्पा पहिल्यांदाच बोलले. "वेगळं कसं?" त्यांनी तिला विचारलं, मला नाही. आई भांडी उचलून आत गेली. वाद मी जिंकलो वगैरे नाही. घरातले वाद असे जिंकता येत नाहीत, आणि आईचा राग खरा होता, दुःखही. तिला तिच्या बहिणींना तोंड द्यायचंय. तिची किंमत माझ्यापेक्षा वेगळी आहे, हेही मला धरावं लागेल.

येत्या रविवारी, १४ डिसेंबरला, आगमनकाळाचा तिसरा रविवार. याला आनंदाचा रविवार म्हणतात. जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लागते. आणि शुभवर्तमान आहे ते योहान तुरुंगात असतानाचं. मृत समुद्राच्या पूर्वेला माखाइरस नावाचा हेरोदाचा किल्ला होता. तिथे त्याला ठेवलं आणि मारलं असं योसेफस हा इतिहासकार सांगतो. त्या अंधारातून योहान शिष्यांकरवी येशूला विचारतो, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची? ज्यानं नदीकाठी हजारोंसमोर खात्रीनं बोट दाखवलं, तोच आता विचारतोय. मला लहानपणी हा प्रसंग आवडायचा नाही, योहान हरल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, हेरोदाला बोलणं त्याला एवढं जड गेलं नसेल. मला आता नक्की माहीत नाही, हे शिष्यांदेखत कबूल करणं जड गेलं असणार. येशू त्याला हो किंवा नाही असं उत्तर देतच नाही. जे पाहता आणि ऐकता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो: आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालताहेत, गरिबांना शुभवार्ता मिळतेय. दार उघडल्याचा त्या यादीत उल्लेख नाही.

मी रविवारी वसईत असेन. ती नगरला जाणार आहे, तिच्या चर्चमध्ये कॅरल्सची प्रॅक्टिस आहे. आई अजून हो म्हणालेली नाही, आणि फोनवर तो विषय काढत नाही. पप्पांनी परवा तिच्या गावाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. नगरपासून किती लांब, तेही.